कमरेचा मध्य शोधताना : अकराव्या आठवड्याची नोंद

कंबर दुखते म्हणून उभे राहताना ओटीपोटाची मधली, सहज जागा शोधण्याचा सराव मी करत आहे. मागील नोंदीत मी मोठ्या खात्रीने लिहिले होते की माकडहाड खाली ओढून आणि पोट आत घेऊन उभे राहिल्यास कमरेचा बाक कमी होतो व आराम पडतो. ते विधान मला मागे घ्यावे लागत आहे. बाक कमी झाला हे खरे. भिंतीला पाठ टेकवून टाचा चार बोटे पुढे ठेवल्यावर कमरेमागच्या पोकळीत पूर्वी मनगटापर्यंत हात जात असे, तेथे आता जेमतेम बोटे शिरू लागली. परंतु त्या दोन आठवड्यांत नितंब सतत आवळलेले राहिले, श्वास छातीतच अडकू लागला आणि सकाळी ओट्यापाशी ज्वारीच्या भाकरी थापताना तिसऱ्या भाकरीलाच कंबर भरून येऊ लागली. एक चुकीची ठेवण सोडून मी दुसरी चुकीची ठेवण घट्ट धरून बसले होते.

म्हणून पुन्हा पहिल्या पायरीवर आले. आठव्या आठवड्यापासून मी कोणतीही ठेवण धरत नाही, केवळ हालचाल करते. पाय खुब्यांइतके अंतर ठेवून अनवाणी उभे राहायचे, गुडघे किंचित सैल सोडायचे आणि ओटीपोट (म्हणजे कमरेखालचा हाडांचा सांगाडा) एखाद्या पाण्याने भरलेल्या घमेल्यासारखे सावकाश पुढे व मागे कलते करायचे. पुढे कलले की कमरेचा बाक वाढतो, मागे कलले की तो सपाट होतो. दोन्ही टोकांपर्यंत ताणून जायचे नाही. दर खेपेस हालचाल आधीपेक्षा थोडी लहान करत जायचे, म्हणजे शेवटी ती बाहेरून दिसतही नाही, आणि जेथे ती आपोआप थांबते ती त्या दिवसाची मधली जागा. दहा-बारा खेपांना मला साधारण चार मिनिटे लागतात. घाई केली तर हाती काही लागत नाही, हे मी दोनदा पडताळले आहे.

जागा तपासण्याची एक सोपी खूण आहे. तळहातांची मुळे ओटीपोटाच्या दोन्ही बाजूंस पुढे हाताला लागणाऱ्या हाडांच्या टोकांवर ठेवून बोटांची टोके खाली जांघांच्या मधल्या हाडावर टेकवावीत. ही तिन्ही ठिकाणे साधारण एकाच उभ्या पातळीत आली की ओटीपोट मध्यावर आहे असे मानतात. मात्र हाडांची घडण प्रत्येकाची निराळी असल्याने मी या खुणेला अंतिम मानत नाही. माझी खरी कसोटी श्वासाची आहे. श्वास घेताना तळपोट आणि कमरेच्या बाजू सहज फुगल्या, तर जागा ठीक आहे.

सायंकाळी ही जागा सकाळच्या जागी सापडत नाही, हे या नोंदीतील मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले निरीक्षण आहे. मी टॉवेल कारखान्याच्या कचेरीत दिवसभर बसून हिशेब लिहिते. सोआस हा स्नायू कमरेच्या मणक्यांच्या बाजूंपासून निघून खुब्याच्या पुढून मांडीच्या हाडापर्यंत जातो. बसल्यावर तो आखूड स्थितीत राहतो आणि उठल्यावर लगेच सैल पडत नाही, त्यामुळे कंबर पुढे ओढली जाते, असा माझा समज आहे. म्हणून सायंकाळी आधी दहा मिनिटे संभाजी तलावाच्या काठाने चालते आणि मगच हा सराव करते. (जुने सोलापूरकर त्याला कंबर तलाव म्हणतात, याची घरच्यांनी पुरेशी थट्टा करून झाली आहे.)

संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज (मिरवणुकीतील उंच, जड काठ्या) पेलणाऱ्यांकडे यंदा मी वेगळ्या नजरेने पाहिले. सातही काठ्या दुरून ताठ व स्थिर दिसतात, पण बाराबंदी (पारंपरिक पांढरा अंगरखा) घालून काठी पेलणाऱ्या माणसाचे गुडघे सैल असतात आणि पावले, खुबे सतत बारीक बारीक सावरत असतात. माझ्या पाचव्या आठवड्यातील ताठरपणाने ती काठी दोन पावलेही गेली नसती. आपल्यापैकी जे पाठ ‘सरळ’ ठेवण्याचा सराव करत आहेत, त्यांनी ते एकदा जवळून पाहावे.

सध्याची स्थिती अशी : सलग उभे राहणे 15 मिनिटांवरून 35 मिनिटांपर्यंत आले आहे आणि सहाव्या भाकरीपर्यंत कमरेची आठवण होत नाही. ओट्याखाली विटेएवढ्या उंचीचा पाट ठेवून त्यावर आलटून पालटून एक पाय टेकवणे फारच उपयोगी ठरले. डावीकडे मध्य अजून नीट सापडत नाही, कारण माझा भार उजव्या टाचेवर जातो. पुढील तीन आठवडे केवळ हा भार एका पायावरून दुसऱ्यावर नेण्याची हालचाल करणार आहे. ज्यांची कळ पायात उतरते किंवा पावलाला बधिरपणा येतो, त्यांनी मात्र यातील काहीही करण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. माझे दुखणे कमरेपुरतेच होते.