डाव्या बाहीची टीप

अंगरखा संपवायला दोन दिवस उरले होते आणि डावी बाही कोपरात वाकवली की विझत होती. सरळ धरली की सातही दिवे लागायचे, हात वाकला की काळोख. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात मी सकाळपासून तीच बाही वाकवत, सरळ करत बसले होते. बाहेर जूनचा पाऊस धो धो कोसळत होता.

हा अंगरखा मी पाच महिने करत होते. पांढरी खादी, आत जुन्या सुती साडीचा थर, त्याखाली अस्तर. उजवी बाही पूर्ण हाताने, डावी पूर्ण मशीनवर. माणूस आणि यंत्र एकाच अंगावर समोरासमोर यावेत, एवढंच मनात होतं. दोन्ही मनगटांवर टिचबटणाचं एक एक अर्ध. घालणाऱ्याने हात जोडले की टिचबटण लागतं, 3 व्होल्टच्या नाणेसेलचं सर्किट पूर्ण होतं आणि डाव्या बाहीवरचे बारीक एलईडी उजळतात. विजेच्या तारेऐवजी स्टेनलेस स्टीलचा दोरा. तो दिसतो शिलाईच्या दोऱ्यासारखाच, पण त्यातून वीज जाते आणि त्याच्यावर कसलंही आवरण नसतं. म्हणून सेलच्या अधिक टोकाची ओळ वरच्या थरात, उणे टोकाची अस्तराच्या आतल्या अंगाला, आणि दोन्ही एकमेकींना टेकू नयेत म्हणून मध्ये साडीचा थर. गोधडीचीच रचना.

उजव्या बाहीवर मावशींचा धावदोरा होता. मावशी कळव्याहून येतात, त्यांनी आयुष्यभर गोधड्याच शिवल्या आहेत. कम्प्युटर अक्षराला आकड्याने ओळखतो. युनिकोडमध्ये ‘आ’ म्हणजे 0906, ‘ई’ म्हणजे 0908. यातला एकेक अंक चार घरांत 0 आणि 1 मध्ये मांडला की ‘आई’ची 32 घरं होतात. 1 असेल तिथे टाका वर, 0 असेल तिथे दोरा खाली. 32 घरांत टाके वर येतात ते फक्त 7. मी कागदावर घरं आखून दिली तेव्हा मावशींनी आधी मागची बाजू पाहिली. म्हणाल्या, ‘‘पोरी, पाच पाच घरं दोरा मोकळा सोडलास तर बाहीत हात घालताना बोटात अडकंल.’’ मग त्यांनी प्रत्येक लांब धाग्याला साडीच्या थरात मुंगीएवढा टाका घालून बांधून टाकलं. वरून पाहणाऱ्याला तो दिसत नाही. माझ्या आराखड्यात ते टाके नव्हतेच, पण ते नसते तर ती बाही दुसऱ्यांदा घालण्याजोगी उरली नसती.

उजवी बाही अशी निर्धोक झाली. घोळ डाव्या बाहीत, मशीनच्या.

दुपारी काकांना बोलावलं. काका एका गारमेंट कारखान्यात तीसेक वर्षं मशीनवर होते, आता शेजारच्या गाळ्यात ऑल्टरेशनची कामं घेतात. त्यांनी वीज मोजायच्या मल्टिमीटरकडे बघितलंही नाही. बाही उलटी करून टिपेवरून अंगठ्याचं नख हळूहळू ओढत नेलं. कोपराजवळ थांबले. ‘‘ताई, इथे खडखडतंय.’’ मी भिंग लावून पाहिलं. टिपेच्या प्रत्येक टाक्यावर स्टीलचा केसाएवढा फास साडीच्या थरातून मागे आला होता. हात वाकला की ते फास अस्तरावरच्या उण्याच्या ओळीला टेकत होते आणि वीज दिव्यांकडे न जाता तिथूनच परत फिरत होती.

कारण त्यांनीच समजावलं. हातशिलाईत सुई आख्खी कापडातून पार जाते आणि दोराही तिच्यामागे जातो. मशीनची सुई तशी जात नाही. तिचं नेढं टोकाशी असतं. एलायस हाव यांनी 1846 साली ज्या यंत्राचं पेटंट घेतलं, त्यातही ते तिथेच होतं. सुई बुडी मारते, वर येताना दोऱ्याचा फास सोडते, खालचा हुक तो फास बॉबिनभोवती, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाभोवती फिरवतो, आणि दोन दोऱ्यांची गाठ कापडाच्या पोटात बसते. ती मधोमध बसावी म्हणून दोघांची ओढ सारखी लागते. स्टीलचा दोरा वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या टेन्शनमध्ये पिंजारतो, म्हणून मी तो बॉबिनमध्ये भरला होता. तो खादीच्या दर्शनी बाजूला यावा म्हणून कापड उलटं धरून शिवलं होतं. पण स्टील गुळगुळीत, बॉबिन केसमधून, म्हणजे बॉबिनच्या डबीतून सरसर सुटत होतं. वरचा सुती दोरा त्याला ओढून आपल्या बाजूला आणत होता.

काकांनी बॉबिन केस काढली, स्टीलच्या दोऱ्याला धरून हवेत लोंबकळवली आणि मनगटाला हलका झटका दिला. केस सर्रकन टेबलापर्यंत खाली आली. ‘‘एका झटक्याला दोन बोटं उतरायला हवी,’’ म्हणाले. बारक्या पेचकसने केसवरचा पेच किंचित आवळला. पुन्हा झटका. चार बोटं. पुन्हा पेच. अकरा वेळा तरी असं केलं असेल. मधे एकदा डोळे मिटून नुसता दोरा ओढून पाहिला. मी त्यांचा हातच पाहत होते. उजवी बाही माणसाची आणि डावी यंत्राची, असं मी पाच महिने मानलं होतं, आणि त्या डाव्या बाहीचा एकेक टाका आता या मनगटाच्या अंदाजावर बसणार होता. त्या क्षणी मला माझी सगळी मांडणी पोरकट वाटली.

मी आणि मावशींनी मिळून जुनी टीप उसवली. खादीला भोक पडू नये म्हणून एकेक फास सुईने उचलत. त्यातच साडेसहा वाजले. मग काका मशीनवर बसले. मोटर लावू नका म्हणाले, हाताने चाक फिरवत शिवलं, कोपराच्या वळणावर तर दर टाक्याला थांबून. टीप झाल्यावर नख पुन्हा फिरवलं. खडखड नाही. दोऱ्यांची टोकं मावशींनी थरांच्या पोटात ओढून घेतली आणि गाठींवर मी नेलपॉलिशचा थेंब ठेवला. स्टीलची गाठ त्याशिवाय टिकत नाही.

अंगरखा काकांनाच घालायला लावला. ते आधी नाही नाही म्हणाले, मग शर्टावरूनच चढवला. हात जोडले. टिचबटण टक्कन लागलं, दिवे लागले. कोपरं पोटाशी आणली, छातीशी नेली, हात कपाळापर्यंत उचलून मावशींना नमस्कार केला. दिवे तसेच.

‘‘बंद करा आता, सेल संपंल,’’ मावशी म्हणाल्या.

जाताना काकांनी बॉबिन केसच्या पेचाशी खडूची बारीक रेघ ओढली. ‘‘स्टील भराल तेव्हा इथे आणा. साधा दोरा भराल तेव्हा अर्धा आटा मागे.’’ तो खडू दोन दिवसांत पुसला जाईल म्हणून त्याच रात्री मी त्या रेघेवर उरलेलं नेलपॉलिश लावलं.