बाबांचा फोटो भिंतीवर लावण्याआधी

तेराव्याला फोटो हवा म्हणून घाईघाईत आधारकार्डावरचा चेहरा मोठा करून घेतात आणि मग वर्षानुवर्षं तोच धुरकट फोटो भिंतीवर राहतो. बाबांच्या बाबतीत असं होऊ देऊ नका. जुना पासपोर्ट फोटो (३.५ × ४.५ सेंमी) १२०० डीपीआयला (म्हणजे इंचाला १२०० ठिपके) स्कॅन केला, तर ५ × ७ इंची छपाई नीट येते. मोबाइलने टिपला तर ट्यूबलाइटची चमक येते. स्टुडिओवाल्याला सुरकुत्या पुसू देऊ नका, आपले बाबा त्या सुरकुत्यांतच आहेत! काच आणि फोटो यांच्यामध्ये माउंट, म्हणजे कडेची पुठ्ठ्याची चौकट, हवाच. नाहीतर पावसाळ्यातल्या दमट हवेने फोटो काचेला चिकटतो आणि सोडवताना चेहराच सोलला जातो. ताज्या फुलांचा ओला हार रोज घालणार असाल, तर मूळ फोटो कोरड्या पाकिटात ठेवा, भिंतीवर प्रतच लावा.