आधी पंप, मग एन्झाइम : आमची वाटचाल

कंपनी सुरू केली तेव्हा आम्ही तिघंच होतो. दोघं रसायनशास्त्रातले आणि मी पेशींवर काम करणारी. २००१ साली इमॅटिनिब हे औषध मंजूर झालं आणि एकच कायनेज, म्हणजे पेशीतले निरोप पुढे पोचवणारं एन्झाइम, अडवून रक्ताचा एक कर्करोग आटोक्यात ठेवता येतो हे जगाने पाहिलं. मग ग्लायोब्लास्टोमासारख्या मेंदूच्या घातक गाठीत पेशींना ‘वाढा’ असा निरोप देणारी कायनेज का नाही अडवता येणार? एवढ्या एका प्रश्नावर आम्ही नोकऱ्या सोडल्या.

पहिला रेणू प्रयोगशाळेत सुरेख चालला. अगदी कमी मात्रेत ईजीएफआर, म्हणजे आम्ही निवडलेलं कायनेज, थंडावलं. उंदराच्या मेंदूत मात्र तो जवळजवळ सापडलाच नाही. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी एकमेकींना घट्ट बिलगलेल्या असतात; हाच रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा. त्यातूनही जे आत शिरतं, ते पी-ग्लायकोप्रोटीनसारखे पंप परत रक्तात ढकलतात. हे आम्हाला माहीत होतं, पण तपासायचं शेवटी ठेवलं होतं. तो निर्णय माझा होता. दीड वर्षाचं काम गेलं, गुंतवणूकदारही गेला.

तेव्हापासून क्रम उलटा केला. रेणू तयार झाला की आधी तो पंपाच्या तावडीतून सुटतो का ते पाहायचं. मग मेंदूत शिरलेल्या औषधातलं मोकळं किती, हे मोजायचं. चरबीला आणि प्रथिनांना चिकटून बसलेलं औषध एन्झाइमपर्यंत पोचतच नाही. एन्झाइमची पाळी त्यानंतर. पंप टाळायला रेणूतला एखादा एनएच गट (नायट्रोजन-हायड्रोजनची जोडी) काढावा, तर तोच नेमका एन्झाइमला धरून ठेवणारा निघतो. अशा एकेका गटावर आमचे आठवडेच्या आठवडे गेले आहेत.

शिवाय गाठ वाट बदलते. फुप्फुसाच्या कर्करोगात ईजीएफआरमधले बदल बहुधा पेशीच्या आतल्या कायनेज भागात असतात, ग्लायोब्लास्टोमात बाहेरच्या भागात. तिथे उपयोगी पडलेलं एर्लोटिनिब हे ईजीएफआर अडवणारं औषध इथे फिकं पडलं, त्यामागचं हे एक कारण. त्यात पीटेन हे लगाम घालणारं प्रथिन नाहीसं झालं असेल, तर वरचा निरोप तोडूनही त्याच्या पुढचं पीआय३के हे वाढीचा निरोप नेणारं एन्झाइम सुरूच राहतं.

तरी वाट आहे. मार्च २०२३मध्ये अमेरिकेत डॅब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब ही औषधांची जोडी, बीआरएएफ या कायनेजमध्ये व्ही६००ई हा बदल असलेल्या लहान मुलांच्या कमी तीव्रतेच्या ग्लायोमा या मेंदूच्या गाठीसाठी मंजूर झाली. ती बातमी आली त्या दिवशी कोणीच काम केलं नाही.

आमचा सध्याचा रेणू उंदरात पडदा ओलांडतो. आता शस्त्रक्रियेआधी काही दिवस तो रुग्णाला देऊन, काढलेल्या गाठीत किती पोचला हे मोजायचं आहे. त्या चाचणीच्या परवानगीची कागदपत्रं सध्या आमच्या टेबलावर आहेत.