पान ३७: विशेषणं बंद

मार्चमध्ये सुरू केलेली ४० पानांची जलरंगांची वही आता ३७व्या पानावर आलीय. सदतीस चित्रं झाली यापेक्षा एकही पान फाडलं नाही, हे माझ्यासाठी जास्त मोलाचं आहे. आधीच्या दोन वह्यांची निम्मी पानं कचऱ्यात गेली होती. आई ओरडायची, "काहून फाडून राहिली? कागद काय फुकट येते?" कॉटनच्या ३०० जीएसएम (म्हणजे जाडजूड) कागदाचा भाव तिला सांगितलेलाच नाही, नाहीतर मलाच फाडलं असतं.

फाडायचं कारण ठरलेलं असायचं. चित्र झालं की दहा मिनिटांत डोक्यात सुरू: भिकार, बालिश, तुला कधी जमणार नाही. शाळेत इंटरमिजिएटला 'क' श्रेणी आली, तेव्हा एका सरांनी सगळ्या वर्गासमोर म्हटलं होतं, "हिला चित्रकलेचा हात नाही." पंचवीस वर्षं झाली, पण आवाज अजून त्यांचाच येतो.

सुटका झाली ती ऑफिसात. मी दिवसभर हिशोब बघते. ट्रायल बॅलन्स (नावे आणि जमा बाजूंचा ताळा) जुळला नाही म्हणून कोणी 'हा हिशोब भिकार आहे' असं म्हणून खातेवही फाडत नाही. फरक काढायचा. त्याची निम्मी रक्कम कुठे दिसते का बघायचं, म्हणजे चुकीच्या बाजूला पडलेली नोंद सापडते. नसेल तर ९ ने भाग जातो का बघायचं. गेला तर ५४ च्या जागी ४५ लिहिलं गेल्याची दाट शंका. मार्चअखेरच्या धावपळीत हे करताना वाटलं, चित्राला मी इतकी साधी वागणूकही देत नाही.

तेव्हापासून नियम असा: चित्र झालं की पानाच्या मागे पेन्सिलीनं तारीख, वेळ, जागा आणि एकच चूक. चूक अशी लिहायची की पुढच्या वेळी हातानं काहीतरी वेगळं करता येईल. विशेषण लिहायचं नाही. 'आकाश घाण' चालत नाही. 'आकाश अर्धवट ओलं असताना जास्त पाण्याचा ब्रश लावला' चालतं.

(आवडलेली एक गोष्टही लिही, असं मैत्रिणीनं सुचवलं होतं. चार पानं केलं. दरवेळी 'रंग छान' एवढंच लिहिलं गेलं, आणि तेही विशेषणच.)

त्या आकाशाबद्दल थोडं, कारण पहिल्या पंधरा पानांतल्या नऊ नोंदी त्याच आहेत. नागपूरच्या फुटाळा तलावावर संध्याकाळी बसायचे. पाण्यावरचा सूर्य उतरायला लागला की घाई व्हायची आणि मी वाळत आलेल्या थरावर पुन्हा ब्रश टेकवायचे. नवं पाणी आधीच्या रंगाला ढकलत कडेला नेतं आणि तिथे फुलकोबीसारखा कातरलेल्या कडेचा डाग उमटतो. मला वाटायचं, माझ्या हातातच दोष आहे. नऊ नोंदी एकाखाली एक वाचल्यावर दिसलं की दोष वेळेचा आहे. कागद तिरका धरून बघायचा: चकाकी आहे तोवर हात लावा, ती गेली की पूर्ण वाळेपर्यंत हात खिशात.

मे महिन्यात मात्र चकाकी बघायलाही वेळ मिळेना. नागपूरचं ऊन पंचेचाळिशीला टेकलं की वॉश (पातळ रंगाचा सलग थर) अर्ध्यावर असतानाच वरची कड वाळून रेघ पडते. घरात कूलरसमोर बसले तर झोताकडची बाजू आधी सुकायची. शेवटी दोन उपाय लागू पडले. सकाळी सहाला बाहेर पडायचं, आणि घरी असले तर सुटा पाव शीट कागद दोन्ही बाजूंनी भिजवून ॲक्रिलिकच्या पाटीवर चिकटवायचा. मागचं पाणी वरच्या बाजूला बराच वेळ ओलं ठेवतं. आता पावसाळ्यात उलटी रड आहे, काही वाळतच नाही. केसांचा ड्रायर लागतो.

हायकोर्टाच्या घुमटानं तीन पानं खाल्ली. पान १९ वर घुमटाचा कांदा झाला, २० वर टोपी. दोन्हींच्या मागे नोंद एकच निघाली: 'रुंदी-उंची न मोजता सरळ बाह्यरेषा'. २२ वर हात लांब करून पेन्सिलीवर मापं घेतली, आधी चौकट काढली, मग घुमट. हा घुमट अजूनही किंचित डावीकडे झुकतो, पण निदान घुमट आहे.

आणि पान ३०. रात्री मोबाईलवर कोणाचा तरी अर्ध्या मिनिटात पूर्ण होणारा धबधबा बघितला आणि माझं अंबाझरी तलावाचं चित्र बघवेना. फाडायला हात घातलाच होता. पण ही वही शिवलेली आहे, स्पायरल नाही. ३० ओढलं तर त्याच दुमडलेल्या कागदाचं दुसरं पान, २७, सुटणार, आणि २७ वर नागपूरच्या झिरो माइल स्मारकाचे घोडे आहेत, चारही, पायांसकट. थांबले. म्हणून फाडण्याची खोड असलेल्यांना माझा सल्ला: शिवलेली वही घ्या. मनोनिग्रहापेक्षा दोरा पक्का.

एक कबुली. चित्रकार वासुदेव गायतोंडे जन्मानं नागपूरचे, १९२४ चे, आणि ते वर्षाला मोजकीच चित्रं करत. दोन वर्षं हे मी न काढण्याचं कारण म्हणून लोकांना ऐकवलं. ते न रंगवलेल्या दिवसांतही चित्राजवळच असणार. मी सोफ्यावर होते.

काल ३७ झालं. पुन्हा फुटाळा, पान १ ची तीच जागा. दोन्ही शेजारी ठेवून आईला विचारलं, कोणतं चांगलं? म्हणाली, "पयल्यात पाणी जास्त वाटते." चष्मा लावून बघितलं, खरंच वाटतं. मागे लिहिलं: '१९ जुलै, सायं. ६:४०, फुटाळा. प्रतिबिंब आकाशापेक्षा फिकं ठेवलं; गडद हवं.'