व्हॅन धक्क्यावर, समुद्र पलीकडे

सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी आम्ही फेरीबोटीच्या धक्क्यावर पोचलो आणि बोटीत चढलो साडेअकराला. मधल्या साडेतीन तासांचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

पुण्याहून तीन दिवसांसाठी कॅम्पर व्हॅन भाड्यानं घेतली होती. टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली; आत दोन पलंग, ओटा, टीचभर संडास. ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत दिवेआगर. तिथे एका घरगुती मुक्कामवाल्यांच्या वाडीत गाडी लावायला जागा, पंधरा अँपिअरचा प्लग आणि विहिरीचं पाणी मिळालं. इथवर सगळं सुरळीत. फक्त नारळाखाली गाडी लावू नका. टपावरच्या सोलर पॅनेलवर एक नारळ पडला की अनामत गेलीच म्हणून समजा.

दुसऱ्या दिवशी खाडी ओलांडून पलीकडच्या किनाऱ्यावर दिवस घालवायचा बेत होता. दिघी-आगरदांडा, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ अशा बऱ्याच फेऱ्या कोकणात आहेत. गाडीसकट पलीकडे जाता येतं, रस्त्याचा मोठा वळसा वाचतो. आमची फेरी यातली की आणखी कुठली ते सांगत नाही. माणसं वाईट नव्हती.

तिकीट खिडकीच्या फलकावर दुचाकी, रिक्षा, कार, टेम्पो, मिनीबस, ट्रक असे दर होते. राज्यानं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण ते त्या फलकापर्यंत पोचलेलं नव्हतं. खिडकीतल्या मुलानं बाहेर येऊन गाडीत डोकावून पाहिलं.

"आत पलंग आहे?"

"आहे."

"मग मिनीबस."

"अहो, माणसं पाचच आहोत."

"आरसी बुकात काय लिहिलंय?"

आरसीची झेरॉक्स होती, आणि तीही अशी की गाडीचा प्रकार लिहिलेली ओळ नेमकी काळी. मी भाडेवाल्याला फोन लावला. काल पैसे घेताना पहिल्या रिंगला उचलणारा माणूस आज झोपला होता. मुलगा म्हणाला, साहेबांना विचारावं लागेल. साहेब पलीकडच्या तीरावर. ते पुढच्या बोटीनं येतील, म्हणाला. पुढच्या बोटीनं तीन कार, दोन म्हशी आणि शाळामास्तर आले. साहेब त्याच्या पुढच्या बोटीनं. त्यांनी गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. "टेम्पोचं घे," म्हणाले आणि चहाला गेले. एवढ्या एका वाक्यासाठी सव्वा तास! गाडी घेताना आरसीची स्वच्छ प्रत मागून घ्या आणि मोबाइलमध्येही ठेवा.

पावती हातात आली तेव्हा मी जग जिंकल्यासारखा स्टिअरिंगवर बसलो. शिट्टीवाल्यानं मला उतारावर घेतलं, मग एकदम हात आडवा केला. वाकून गाडीखाली पाहिलं.

"मागं काय लोंबतंय?"

लोंबत होता सांडपाण्याच्या टाकीचा पाइप, मागच्या चाकांच्याही मागे. ओहोटी पूर्ण लागली होती, बोट खूप खाली. उताराचा खालचा भाग जास्त उभा, आणि तिथून लगेच बोटीच्या फळीचा चढ. पुढची चाकं फळीवर चढली की शेपूट सिमेंटला घासणार. "पाइप तुटला तर तुमची घाण माझ्या धक्क्यावर," तो म्हणाला. यावर मला काही बोलता येईना. "भरती येऊ द्या. पाणी चढलं की बोट वरच्या सपाटीला लागते."

म्हणजे कधी? शेजारी जाळं शिवत बसलेल्या एका कोळीबाबांनी न विचारता हिशेब सांगितला. तिथीला पाऊणनं गुणायचं, ती भरतीची वेळ. वद्य तृतीया, म्हणजे तीन पाऊणे सव्वादोन. सहा तास मागे गेलं की ओहोटी. आम्ही अगदी ओहोटीच्या ठोक्याला पोचलो होतो, तेही पुनवेच्या उधाणाच्या दिवसांत, जेव्हा पाणी सगळ्यात जास्त उतरतं. सासूबाई मागच्या खिडकीतून म्हणाल्या, "परवा पौर्णिमेचा उपास केला मी. तिथी विचारली असती तर सांगितली असती." दोन महिने मी त्या सहलीचा तक्ता करत होतो. त्यात हवामान होतं, पेट्रोलपंप होते, खानावळी होत्या. तिथी नव्हती.

पुढचे दोन तास सासूबाईंनी ओट्यावर चहा केला आणि रांगेतल्या अर्ध्या लोकांना पाजला. तेवढं एक सुख व्हॅनचं.

पलीकडे किनारा गाठला तेव्हा डोक्यावर ऊन आणि समुद्र पार सुरूच्या बनापर्यंत आलेला. मुलांना किल्ला करायला वाळूच नाही. हे आधी लक्षातच आलं नव्हतं: व्हॅनला भरती हवी आणि मुलांना ओहोटी. शिवाय परतीची बोटही पाच वाजायच्या आत पकडायची, नाहीतर पाणी पुन्हा खाली. चारला कुठे जरा पुळण उघडी पडली आणि आम्ही पोरांना ओढत गाडीत कोंबलं.

गाडी वाळूत मात्र घातली नाही, याचा मला अभिमान आहे. आमच्यासमोर एक जीप रुतली होती, तिला ट्रॅक्टर लावला. खाऱ्या पाण्याच्या नुसत्या शिंतोड्यांनीही पत्रा गंजतो. संध्याकाळी गोड्या पाण्यानं खालून गाडी धुवा.

आणि खरं म्हणजे व्हॅन वाडीतच ठेवायची. पायी माणसाला बोटीत कुणी आरसी विचारत नाही, आणि पलीकडच्या धक्क्यावर विक्रम रिक्षा उभी असते. हे मला बायकोनं सकाळी सव्वाआठला सांगितलं होतं.

परतीला पलीकडच्या खिडकीवरच्या मुलानं मान वर न करता पावती फाडली. कारची.