फोनवरून वाचलेला एक्स-रे

मालवण तालुक्यात कालावलच्या खाडीत काही जुवे आहेत. चहूबाजूंनी पाणी, मध्ये माडांच्या बागा आणि घरं. त्यातल्या एका जुव्यावर माझं सासर. मी रेडिओलॉजिस्ट आहे आणि २०२० च्या टाळेबंदीपासून घरच्या माडीवर बसून घाटावरच्या रुग्णालयांचे सीटी आणि एक्स-रे वाचते.

हे काम इथून होतं यावर सुरुवातीला कुणाचा विश्वास बसत नसे. छातीच्या एका एचआरसीटीत, म्हणजे बारकाईने काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये, तीन-चारशे प्रतिमा, म्हणजे दीड-दोनशे एमबी. पोफळीच्या खांबाला अँटेना बांधून तिचं तोंड पलीकडच्या टॉवरकडे केलं, दोन कंपन्यांची सिमं घेतली, इन्व्हर्टरला दोन मोठ्या बॅटऱ्या जोडल्या, तेव्हा कुठे काम सुरळीत झालं. आणखी एक गोष्ट मी पहिल्यापासून पाळत आले. प्रत्येक रुग्णालयाकडे माझे तीन नंबर असतात: माझे दोन आणि तिसरा सासऱ्यांचा. भाऊंचा साधा बटणांचा फोन खाडीच्या बाजूच्या खिडकीत टांगलेला असतो. घरात इतर कुठेही आवाज तुटतो, पण त्या खिडकीत रेंज मिळते.

मे २०२१ मध्ये कोविडची दुसरी लाट ऐन भरात होती. सकाळी यादी उघडली की रात्रीपर्यंत तीच. फुप्फुसाचे पाच खंड, प्रत्येकाला संसर्गाच्या प्रमाणात पाचपैकी गुण, बेरीज पंचविसापैकी. नातेवाईक तो आकडा परीक्षेच्या निकालासारखा विचारत. त्या दिवसांत मला सर्वांत जास्त त्रास याचाच झाला. तोच आकडा असलेले दोन रुग्ण अगदी वेगळ्या अवस्थेत असतात. म्हणून अहवालात आकड्याखाली चार ओळी जास्तीच्या लिहायची सवय मी लावून घेतली.

शुक्रवारी १४ मेला अक्षय तृतीया झाली, आणि त्याच सुमारास लक्षद्वीपच्या बाजूला तौक्ते वादळ तयार होत असल्याच्या बातम्या येऊ लागल्या. मच्छीमारांना परत यायला सांगितलं होतं. शनिवारी संध्याकाळी मी माझी सगळी यादी कोल्हापूरच्या एका सहकाऱ्याकडे सोपवली आणि सर्व रुग्णालयांना तसं कळवलं. होडी चालवणारा तारी येऊन सांगून गेला, “उद्या तर सुटाची नाय. वारो काय तो बरो दिसत नाय.”

रविवारी, १६ मेला, सकाळपासून वाऱ्याचा जोर चढत गेला. वीज गेलीच. माड असे वाकत होते की झावळ्या जमिनीला टेकतात असं वाटावं, आणि मग एकेक मोडायला लागला. माड मोडतानाचा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना तो वर्णन करून सांगायला नको. शेजारच्या परड्यातला एक माड गोठ्यावर पडला. गुरं आधीच सोडलेली होती. आमच्या अँटेनाचा खांब दुपारी आडवा झाला. त्यानंतर माझे दोन्ही फोन मुके. भाऊ दर थोड्या वेळाने कौलांकडे बघत, देवापुढचं निरांजन विझलं की पुन्हा लावत. सासूबाईंनी चुलीवर पेज टाकली होती.

तिन्हीसांजेला वारा थोडा पडला आणि खिडकीतला फोन वाजला.

“घाटावरसून कोणतरी बोलता गो,” भाऊ म्हणाले.

एका तालुक्याच्या गावातल्या कोविड रुग्णालयाचे निवासी डॉक्टर होते. तरुण मुलगा, आवाज कापत होता. कोल्हापूरच्या सहकाऱ्याचा फोन लागत नव्हता, गावातले रेडिओलॉजिस्ट स्वतःच पॉझिटिव्ह. पन्नाशीतला रुग्ण, बायपॅपवर, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर. अर्ध्या तासापूर्वी एकदम सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी, उतरून सत्तरवर आलं होतं. खाटेवरच एक्स-रे काढलेला, प्रतिमा त्याच्या समोरच्या पडद्यावर. “मॅडम, डावीकडे एक रेघ दिसतेय. पण मला खात्री नाही.”

मला प्रतिमा दिसणार नव्हती. फोनमध्ये कॅमेरा नव्हता, असता तरी त्या रेंजवर एक छायाचित्र आलं नसतं. मी खिडकीच्या चौकटीला टेकले आणि म्हटलं, “तुम्ही माझे डोळे व्हा. मी विचारते तेवढंच सांगा.”

“फिल्मवर ‘आर’ कुठे आहे?”

‘आर’, म्हणजे रुग्णाची उजवी बाजू दाखवणारी खूण, त्या डॉक्टरच्या डाव्या हाताला होती. हृदयाचं टोक त्याच्या उजव्या हाताला. म्हणजे प्रतिमा उलटलेली नव्हती, आणि तो म्हणत होता ती डावी बाजू खरोखरच रुग्णाची डावी होती. हे विचारायलाच हवं. घाईत बाजू चुकली तर साठलेली हवा काढायची सुई चांगल्या फुप्फुसात जाते.

“आता ती रेघ. बारीक पांढरी रेघ आहे, की काळ्या-पांढऱ्याच्या मधली नुसती कड?”

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटत होता. आडव्या रुग्णाच्या पाठीखाली कातडीची घडी पडली की एक्स-रेत अशीच एक सीमा उमटते आणि फुप्फुसाबाहेर हवा साठलीय असा भास होतो. घडीची असते ती कड. फुप्फुसाच्या आवरणाची असते ती रेघ, आणि तिच्या बाहेर फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांच्या खुणा नसतात.

तो बराच वेळ बोलला नाही. पडदा मोठा करून बघत होता. मग म्हणाला, “रेघ आहे. दोन्हीकडे काळं आहे, मध्ये पांढरी.”

“तिच्या बाहेर धागे दिसतात का? रक्तवाहिन्या?”

“नाही. नुसतं काळं.”

“रेघ छातीच्या बाहेर, काखेत जाते का?”

“नाही, आतच संपते.”

“डावीकडचा खालचा कोपरा उजव्यापेक्षा जास्त खोल, जास्त काळा दिसतो का?”

“हो. खूपच.”

आडव्या रुग्णात हवा वरच्या टोकाला जात नाही, पुढे आणि खालच्या कोपऱ्यात साठते. तो कोपरा खोल होणं ही मोठी खूण. मग श्वासनलिका: ती उजवीकडे ढकललेली होती. त्याच दमात त्याने सांगितलं की रक्तदाब उतरतोय आणि मानेला हात लावला की कातडीखाली कुरकुर लागते.

तिथे मी एक्स-रे सोडला. “डाव्या बाजूला हवा साठलीय आणि ती हृदयाला दाबतेय, असं तुम्ही सांगताय त्यावरून मला वाटतं. पण मी प्रतिमा पाहिलेली नाही. रुग्ण तुमच्यासमोर आहे. डावीकडे स्टेथोस्कोप लावा. श्वासाचा आवाज नसेल तर कशासाठीही थांबू नका. सुई घाला, आणि सर्जनना नळी टाकायला आत्ता बोलवा.”

“आवाज नाहीच आहे मॅडम,” तो म्हणाला. फोन तुटला.

परत लावला तर लागेना. भाऊ शेजारी उभे होते. आमचं बोलणं त्यांना कळलं नसणार, पण त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि खिडकीत पहिल्या जागी टांगला. मी तिथेच पाटावर बसले. पाऊस कौलांवर पुन्हा धरला. सासूबाईंनी पेज आणून दिली, ती तशीच निवली.

बऱ्याच वेळाने एसएमएस आला. सुई घातल्याबरोबर हवा सुस्कारत बाहेर आली. नळी टाकली. सॅच्युरेशन ९१.

मी भाऊंना वाचून दाखवला. त्यांनी फक्त विचारलं, “माणूस वाचलो?” मी म्हटलं, आता तरी हो. पुढे तो माणूस घरी गेला, हे मला नंतर कळलं. त्याचं श्रेय त्या तरुण डॉक्टरचं. भीती वाटत असतानाही त्याने जे दिसलं तेवढंच सांगितलं, जे दिसलं नाही ते जोडलं नाही.

जुव्यावर वीज यायला बरेच दिवस लागले. खांबच्या खांब पडले होते. मजूर, वायरमन, आमच्या गावची मुलं मिळून चिखलातून नवे खांब ओढत होती. होडी सुरू झाल्यावर मी कणकवलीला एका मित्राच्या दवाखान्यात जाऊन तुंबलेली कामं पुरी केली, आणि तिथे तो एक्स-रे उघडला. रेघ होती. तो म्हणाला होता तिथेच. खालचा कोपराही तसाच खोल. मी अहवाल लिहिला, तो फोनवर दिलेल्या मताची वेळ नोंदवून, आणि प्रतिमा नंतर पाहिल्याचं स्पष्ट लिहून.

त्या डॉक्टरने मागून विचारलं, हे प्रश्न आमच्या तंत्रज्ञांना शिकवाल का? आता पावसाळ्याच्या तोंडावर मी त्या रुग्णालयाच्या रात्रपाळीबरोबर फोनवर बसते. ते एखादी जुनी प्रतिमा उघडतात, मी न बघता विचारत जाते. पहिला प्रश्न नेहमी ‘आर’ कुठे आहे हाच.