तुम्ही विचारलंत म्हणून: रिक्रूटर नेमका कुणाचा माणूस?

नोकरी बदलली की अभिनंदनापाठोपाठ एक प्रश्न हमखास येतो. "रिक्रूटरमार्फत गेलीस ना? खरंच उपयोग होतो त्यांचा, की नुसते फोनच येतात?" मी डेटा इंजिनियर आहे. माझ्या बऱ्याच नोकऱ्या रिक्रूटरांकडून, म्हणजे कंपन्यांसाठी माणसं शोधून देणाऱ्यांकडून आल्या, आणि तेही फक्त डेटा क्षेत्रात काम करणाऱ्यांकडून, त्यामुळे हा प्रश्न माझ्या वाट्याला जरा जास्तच येतो. दर वेळी अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते.

उपयोग होतो. पण रिक्रूटर आपल्या बाजूने भांडायला बसलाय असं धरून चाललात तर निराशा ठरलेली. पैसे कंपनी देते, म्हणजे तो कंपनीचा माणूस. आपण त्याच्याकडून घ्यायची ती माहिती, आणि चांगल्या रिक्रूटरकडे ती भरपूर असते.

आधी पैशाचं बघू, म्हणजे त्यांच्या वागण्याचा उलगडा होतो. रिक्रूटर ज्या एजन्सीसाठी काम करतो, तशा बहुतेक एजन्सी माणूस रुजू झाला तरच कंपनीकडून फी घेतात. ही फी पहिल्या वर्षाच्या पगाराच्या साधारण 15 ते 30 टक्के असते. वरच्या पदांसाठी काही कंपन्या शोध सुरू करतानाच फीचा एक हप्ता देतात, पण तुमच्या-माझ्या पातळीवर तो प्रकार कमीच. आता लोक म्हणतात, फी पगारावर ठरते, म्हणजे पगार वाढवायला तो जीव तोडून भांडेल. हिशोब करून बघा. पगार 100 आणि फी 20 टक्के, तर एजन्सीला 20 मिळतात. तुम्ही ताणून 110 केलेत, तर 22. त्या वरच्या 2 साठी हातातले 20 घालवायची जोखीम कोण घेईल? म्हणूनच ऑफर आली की त्याचा सूर बदलतो आणि "चांगली ऑफर आहे, फार ताणू नका" असं ऐकू येतं. त्यात लबाडी असतेच असं नाही, गणितच तसं आहे. शेवटची घासाघीस आपली आपणच करायची.

रुजू झाल्यावर पहिले काही महिने "कसं चाललंय?" म्हणून आपुलकीचे फोन येतात, त्याचंही कारण करारात असतं. ठरलेल्या मुदतीत, बऱ्याचदा 90 दिवसांत, माणूस सोडून गेला तर एजन्सीला फी परत करावी लागते किंवा बदली माणूस द्यावा लागतो. मुदत संपली की आपुलकीही आटते. (माझी एक रिक्रूटर याला अपवाद आहे. ती अजून फोन करते, पण तिला माझ्याकडून इतरांची नावं हवी असतात.)

आणि तुमच्याकडे नोंदणीचे, प्रशिक्षणाचे किंवा 'प्रोफाइल पुढे सरकवण्याचे' पैसे मागितले, तर फोन ठेवून द्या. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1997 च्या 181 क्रमांकाच्या करारातच म्हटलंय की खाजगी रोजगार संस्थांनी कामगाराकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष फी घेऊ नये. काही अपवादांना तिथे मुभा आहे, सगळ्या देशांनी तो करार स्वीकारलेलाही नाही. तरी तंत्रज्ञानाच्या नोकऱ्यांत उमेदवाराने पैसे मोजायची काहीही गरज नसते.

आता मुद्दा 'स्पेशलाइज्ड', म्हणजे एकाच क्षेत्रात मुरलेल्या रिक्रूटरचा. तसं तर प्रत्येकाच्या प्रोफाइलवर 'टेक रिक्रूटर' लिहिलेलं असतं. खरा कोण ते तो काय विचारतो त्यावरून पाच मिनिटांत कळतं. वरवरचा माणूस वर्षं मोजतो. याची किती वर्षं, त्याची किती वर्षं. फास्टएपीआय हे प्रोग्रामरांच्या वापराचं फ्रेमवर्क बनवणाऱ्या सेबास्तियन रामिरेझ यांनी 2020 साली ट्वीट केलं होतं की एका जाहिरातीत फास्टएपीआयचा चार वर्षांहून जास्त अनुभव मागितलाय, आणि ते बनवूनच दीड वर्ष झालंय, त्यामुळे मी काही अर्ज करू शकत नाही! अशा जाहिराती मॅनेजरने मोघम सांगितलेलं आणि पुढच्याने न विचारता उतरवून घेतलेलं, यातून जन्माला येतात.

जाणकार रिक्रूटर वेगळं विचारतो. माझ्या सीव्हीत काफ्का होतं, म्हणजे डेटा सतत इकडून तिकडे पोचवणारी एक प्रणाली. पहिल्याच फोनवर माझ्या एका रिक्रूटरने विचारलं, "क्लस्टर तुम्ही सांभाळत होतात, की दुसरी टीम सांभाळायची आणि तुम्ही फक्त टॉपिकवर डेटा टाकत-वाचत होतात?" (क्लस्टर म्हणजे काफ्का चालवणारी यंत्रं, टॉपिक म्हणजे त्यातला डेटाचा एक प्रवाह.) ती कोड लिहीत नाही. पण हे दोन वेगळे जॉब आहेत, पहिल्यात काही बिघडलं की रात्री-अपरात्री पेजर वाजतो आणि दुसऱ्यात सहसा नाही, हे तिला ठाऊक होतं. मी दुसऱ्या प्रकारातली होते. त्यावर तिने हातातल्या जागांपैकी एक तिथल्या तिथे बाजूला काढली. "ही तुम्हाला आवडणार नाही, आणि मुलाखतीत तेही तुम्हाला नाही म्हणतील." ती फेरी वाचली, हा त्या फोनचा सगळ्यात मोठा फायदा.

अशा माणसाला पुष्कळ काही विचारता येतं, आणि विचारावंच. जागा नवी आहे की कुणी सोडून गेलंय? किती दिवस रिकामी आहे? आधीचे उमेदवार कुठल्या फेरीत गळले? मॅनेजर स्वतः कोड बघतो का? या कंपनीत रिक्रूटरने स्वतः आधी माणसं लावलीत का, आणि ती अजून तिथे आहेत का? मला एकदा कळलं होतं की आधीचे दोघं सिस्टीम डिझाइनच्या (अख्खी प्रणाली कशी उभारायची हे विचारणाऱ्या) फेरीत गळले, कारण खर्चाचा विषयच त्यांनी काढला नाही. जाहिरातीत हे कधी छापून येत नाही. उलट, यातल्या एकाही प्रश्नाला धड उत्तर मिळालं नाही, तर त्या माणसाकडे कंपनीने पाठवलेल्या कागदापलीकडे काही नाही असं समजायचं.

सीव्ही पाठवताना रिक्रूटर वर तीन-चार ओळी लिहितो, आणि मॅनेजर बऱ्याचदा तेवढ्याच वाचतो. मी त्या ओळी फोनवर वाचून दाखवायला सांगते. एकदा ऐकलं ते असं: "डेटा इंजिनियरिंगचा उत्तम अनुभव, टीममध्ये काम करायची आवड, लगेच उपलब्ध." हे कुणालाही लागू पडेल. आम्ही बोलून बदललं: "चालू व्यवहार न थांबवता जुना बिलिंग डेटाबेस पोस्टग्रेसवर हलवला. आता स्ट्रीमिंगचं काम हवंय. सध्याच्या ठिकाणी ते निघणार नाही." (पोस्टग्रेस हा एक डेटाबेस, आणि स्ट्रीमिंग म्हणजे येईल तसा लगेच डेटा हाताळणं.) कुठेही फुगवलेलं नाही. पण मुलाखतीत पहिला प्रश्न त्या स्थलांतराचाच आला, आणि त्यावर मी तासभर बोलू शकत होते.

त्याच फोनवर आणखी एक ठरवून घ्यायचं: मला विचारल्याशिवाय सीव्ही कुठेही जाणार नाही. प्रत्येक कंपनीसाठी वेगळी परवानगी, तीही लेखी, ईमेलची एक ओळ पुरे. एकाच जागेसाठी दोन एजन्सींकडून तुमचं नाव गेलं की फी कुणाची यावरून वाद होतो, आणि तो निस्तरत बसण्यापेक्षा कंपनी उमेदवारच वगळते. तुम्हाला कारण कधीच कळत नाही. शिवाय एकदा एजन्सीने नाव दिलं की ठरावीक काळ, सहा महिने किंवा वर्षभरही, त्या कंपनीपुरता त्यांचा तुमच्यावर हक्क धरला जातो. मग कंपनीतल्याच कुणी तुमचं नाव थेट सुचवत असेल, म्हणजे रेफरल मिळत असेल तर? आधी तोच वापरा. कंपनीला फी वाचवायची असतेच.

पगार विचारतात तेव्हा मी सध्याचा सांगत नाही, अपेक्षा सांगते, आणि त्याआधी या जागेचं बजेट विचारते. तो आकडा रिक्रूटरला बहुतेक वेळा माहीत असतो. कॅलिफोर्नियात तर जानेवारी 2018 पासून कंपनीने आधीचा पगार विचारणं कायद्यानेच बंद आहे. मात्र इतर कुठे मुलाखती चालू आहेत, कुठली ऑफर कधी येईल, हे लपवू नका. तिथे ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. तारखा कळल्या तर रिक्रूटर कंपनीला घाई करू शकतो, आणि त्यात त्याचाही फायदा असतो. कंपनीचं नाव सांगायची मात्र गरज नाही.

राजीनामा दिल्यावर जुन्या कंपनीने पगार वाढवून थांबवायचा प्रयत्न केला की रिक्रूटर हमखास एक टक्केवारी तोंडावर फेकतो: थांबलेल्यांपैकी इतके जण सहा महिन्यांत सोडतातच. आकडा कुठून आला ते विचारा आणि गंमत बघा.

सगळ्यांनाच हा मार्ग उपयोगाचा नाही. नुकतं शिक्षण संपलेले आणि दुसऱ्या क्षेत्रातून इकडे येऊ पाहणारे माझ्याकडे फार आशेने विचारतात, म्हणून स्पष्टच सांगते. कंपनी फी मोजते ती तिला सहज न सापडणाऱ्या माणसासाठी. नवख्यांचे अर्ज तिच्याकडे आपसूक ढिगाने येतात, त्यासाठी ती एजन्सीला का पैसे देईल? रिक्रूटर तुम्हाला उलट फोन करत नाही तो त्यामुळे, तुमच्यात काही कमी आहे म्हणून नव्हे. तुम्ही थेट अर्ज, ओळखी आणि दाखवता येईल असं काम यांवरच जोर द्या. कंपनीच्या पगारावर असलेल्या रिक्रूटरची गोष्ट वेगळी, त्याला फीचं गणित नसतं. त्याच्याशी जरूर बोला.

यानंतरचा प्रश्न ठरलेला: "तुझ्या रिक्रूटरचा नंबर देतेस?" देते, पण तिला विचारून, आणि तुमचं काम डेटाचं असेल तरच. मोबाइल ॲप बनवणाऱ्याला तिच्याकडून काही मिळायचं नाही. त्यापेक्षा तुम्हाला जिथे काम करावंसं वाटतं अशा टीममधल्या एखाद्याला विचारा, तू इथे कुणामार्फत आलास? ते नाव माझ्या नंबरपेक्षा तुमच्या जास्त कामाचं.